लोटलेले दार

जे घडले ते हरिदासने पाहिलेले नव्हते, आणि तरीही तो सतत तेच पाहत होता. रुचिता न्हाणीतून बाहेर येते आहे, केसांना पंचा गुंडाळला आहे, ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटत आहेत. आणि स्वयंपाकघरात माठापाशी एक अनोळखी माणूस त्यांच्याच घरातल्या पेल्याने पाणी पितो आहे. माणूस दचकत नाही. पाणी संपवतो, पेला विसळतो, ओट्यावर उपडा घालतो आणि म्हणतो, ‘‘यश अंदर सोया है दीदी. हम बस पानी पी रहे थे.’’ मग चपला घालून निघून जातो. एवढेच. त्याने हात लावला नाही, वाट अडवली नाही, काही नेले नाही. ‘‘कुछ किया नहीं उसने, बाबा,’’ रुचिता सांगत होती, आणि सांगताना तिचे दात एकमेकांवर आपटत होते, मे महिन्यात, रायपूरच्या उन्हात. ‘‘बस गिलास धो के उल्टा रखा. जैसे अपने घर में रखते हैं.’’ हरिदासला वाटले, त्या माणसाने काही फोडले असते, ओढले असते, शिवी दिली असती, तर त्या गोष्टीला नाव देता आले असते. चार शेजारी गोळा करता आले असते. उपड्या घातलेल्या पेल्याची तक्रार कोणाकडे करायची? तो पेला त्याने स्वतः घासला, पुन्हा घासला, आणि फळीवर अगदी मागे ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून रुचिता तो घरात असल्याशिवाय आंघोळीला जाईना. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधली पहिली पाळी संपवून, अंगावर लोखंडाची काळी धूळ घेऊन तो घरी आला की ती पुस्तक मिटून उठे, आणि तो न्हाणीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसे. आतून पाण्याचा आवाज येत राही. मध्येच पाणी थांबे. ‘‘बाबा, हो ना?’’ ‘‘आहो,’’ तो म्हणे. पुन्हा पाणी. तिची नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा तोंडावर आली होती आणि दिवसभर घरात एकटी असताना ती पुस्तकाकडे कमी आणि दाराकडे जास्त पाहत असे, हे तिने न सांगताच त्याला कळले होते. एकदा तसाच पाठ करून बसलेला असताना, कोणी काही विचारलेले नसताना, तो म्हणाला, ‘‘तू घरात असताना तो आत येनार नाई. माझा शब्द आहे तुले.’’ आत पाणी थांबले. ‘तो’ म्हणजे कोण, असे तिने विचारले नाही. तिचा भाऊ, यश. त्याचा मुलगा.

‘‘दार लावलं नव्हतं का?’’ त्याने सरिताला विचारले होते ते त्याच संध्याकाळी. ती सरकारी दवाखान्यात आया होती. ड्यूटीवरून आली तेव्हा फिनाईलचा वास तिच्याबरोबर घरात आला. ‘‘लोटलं होतं ना,’’ ती म्हणाली. ‘‘लोटलं म्हनजे?’’ ‘‘लोटलं म्हनजे लोटलं. आता मराठी बी शिकवू का तुमाले या वयात?’’ एरवी यावर तो हसला असता. पण तिच्या आवाजात एक बारीक घाई होती, आणि त्या घाईवरून त्याला हळूहळू सगळे उलगडत गेले. तिने कडी घालायचे विसरलेले नव्हते. त्याने यशला घराबाहेर काढले त्याला बरेच महिने झाले होते, आणि एवढ्या काळात रोज सकाळी ड्यूटीवर जाताना ती दार लोटून जात होती: उघडे नाही, बंदही नाही, चौकटीला नुसते टेकवलेले. बाहेरून पाहणाऱ्याला बंद; ज्याला ठाऊक आहे त्याला उघडे. यश दुपारी केव्हातरी येई, झाकून ठेवलेली पोळी खाई, कूलरसमोर झोपे आणि बापाची पाळी सुटायच्या आत निघून जाई. रुचितालाही हे माहीत होते. तिनेही कधी कडी घातली नव्हती. भावाचे पाय वाजले की ती आपल्या खोलीत वाचत बसे. ठाऊक नव्हते ते एकट्या हरिदासला, आणि ज्या घराची वीट न् वीट त्याने ओव्हरटाइम करून चढवली होती त्या घरात आपण रोज एका बंद दाराकडे परत येतो आहोत अशा समजुतीत तो जगत होता. त्याला राग यायला हवा होता. पण रागाच्या जागी त्याला एक विलक्षण थकवा जाणवला, आणि त्या थकव्याच्या तळाशी काहीतरी ऊबदार, लाज वाटावी असे: म्हणजे तो येत होता. म्हणजे तो रोज जेवत होता.

खरे तर त्या शब्दाचा घोळ या घरात जुनाच होता. यश बालवाडीत जायला लागला आणि महिन्याभरात घरात हिंदी बोलू लागला. मराठी त्याला कळे, पण ती त्याच्या कानातून आत जाताना वाटेत कुठेतरी बदलून जाई. तो खेळायला निघाला की हरिदास आतून ओरडे, ‘‘यश, दार लोट रे!’’ आणि पोरगा उंबऱ्यातून मागे वळे, धावत आत येऊन बापासमोर उभा राही. ‘‘आ गया.’’ ‘‘अरे, आलास काहून? दार लोट म्हनलं मी.’’ ‘‘लौट आया ना, बाबा.’’ डोंगरगडच्या लग्नात, भंडाऱ्याच्या बारशात, सगळ्या सोयऱ्यांत ही गोष्ट सांगून झाली होती. सरिता ती सांगताना यशचा चेहरा करून दाखवी आणि हसता हसता डोळे पुसे. मग तो मोठा झाला, आयटीआय करून उरल्यातच एका कारखान्यात लागला, आणि मग नशेच्या गोळ्या आल्या. त्या केव्हा आल्या ते हरिदासला सापडत नसे. कित्येक रात्री तो मुलाच्या आयुष्यातून उलटा चालत जाई, त्या वळणावर पोचण्यासाठी जिथे हात धरून थांबवता आले असते. पण प्रत्येक ठिकाणी त्याला एक साधा, दमलेला, भुकेला मुलगा भेटे आणि त्याच्या मागे आणखी एक तसाच. आधी मिक्सर गेला, मग इस्त्री, मग रुचिताची सायकल. दोनदा नशामुक्ती केंद्रात ठेवून झाले. दोन्ही वेळा तो गोरा आणि गप्प होऊन परतला आणि दोन्ही वेळा सरिताने विहारात जाऊन मेणबत्त्या लावल्या. शेवटी ज्या दिवशी त्याने आईच्या हाताला हिसडा दिला त्या दिवशी हरिदासने त्याला दंडाला धरून उंबऱ्यापर्यंत नेले. ‘‘जा,’’ तो म्हणाला होता. ‘‘अन् जाताना दार लोट.’’ दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा दारात उभा होता. ओठ फुटलेले, आणि त्या फुटलेल्या ओठांवर हसू. ‘‘आपने ही तो बोला था, बाबा. जा, और लौट.’’ ती थट्टा होती की खरेच त्याला तसे ऐकू आले होते? हरिदासने त्याच्या डोळ्यांत पाहिले, आणि तिथे थट्टा नव्हती. पण गोळ्यांनंतर त्या डोळ्यांत काय आहे नि काय नाही हे सांगणे कठीणच होते.  त्याची तेव्हा दुपारची पाळी होती; तो निघून गेला. परतला तेव्हा यश नव्हता, आणि हरिदासने मानून घेतले की तो गेला.

कुलूप घ्यायला तो रुचिताला बरोबर घेऊन गेला. कडी-कोयंड्याचा उपयोग नव्हता. कडी ही घालणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते, आणि या घरात घालणाऱ्या दोघी होत्या नि दोघींचीही मने मऊ होती. जे कोणाच्या मनावर अवलंबून नाही असे काहीतरी हवे होते. जयस्तंभ चौकापासून आत वळल्यावर एका काचबंद दुकानात तशी कुलपे मिळतात असे मिलमधल्या कोणीतरी सांगितले होते. आत विलक्षण गारवा होता. भिंतीवर दारांचे हातभर तुकडे ओळीने टांगलेले होते, प्रत्येकाला चौकट, मूठ आणि एक काळे चकचकीत कुलूप. कुठेही न नेणारी दारे. शेखर नावाचा एक तरतरीत माणूस ती उघडून आणि मिटवून दाखवत होता. ‘‘ये देखिए अंकल. दरवाज़ा भिड़ा नहीं कि लॉक. अपने आप. हाथ में सब्ज़ी का थैला है, बच्चा गोद में है, पीछे मुड़ के देखना ही नहीं है.’’ त्याने एक तुकडा बोटाने ढकलला. आत कुठेतरी छोटी मोटर घरघरली आणि खट् असा आवाज आला. लहान, पण पूर्ण. हरिदासला तो आवाज आपल्या छातीच्या हाडावर ऐकू आला. ‘‘अंदर से कैसे खुलेगा, भैया?’’ रुचिताने विचारले. ‘‘हैंडल दबाइए, खुल गया. अंदर वाले को कोई रोक नहीं है, दीदी. रोक तो बाहर वाले के लिए है.’’ मग कार्डाने उघडणारे आले, मोबाईलवरून उघडणारे आले, चेहरा ओळखणारे आले. ‘‘इसमें आप ऑफिस में बैठे-बैठे देख लो, घर कौन आया, कौन गया.’’ हरिदास भट्टीसमोर उभा राहून मोबाईलवर आपल्या दाराकडे पाहतो आहे असे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आले, आणि त्या चित्रात दारासमोर कोण उभे असेल तेही दिसले. ‘‘वो नहीं चाहिए,’’ तो घाईने म्हणाला. आणि लगेच, आपण काय विचारतो आहोत हे स्वतःला कळायच्या आत, आपल्या मोडक्या हिंदीत त्याने विचारले, ‘‘इसको लोट के रख सकते क्या?’’

‘‘लौटाना?’’ शेखरचा चेहरा धंद्याच्या काळजीने आक्रसला. ‘‘नहीं अंकल, लौटाने का तो नहीं है. पीस ख़राब निकला तो बदल के देंगे.’’

रुचिता खळखळून हसली. त्या पेल्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा. ‘‘अरे नहीं भैया, वो मराठी में बोल रहे हैं. बाबा का मतलब, सिर्फ़ भिड़ा के रखना, बिना लॉक...’’ आणि बोलता बोलता तिचे हसू थांबले. आपण काय भाषांतर करतो आहोत ते तिला ऐकू आले. तिने बापाकडे पाहिले. ‘‘बाबा. तुम काहून पूछ रहे हो ये?’’ हरिदास भिंतीवरच्या दारांकडे पाहू लागला. तिकडे शेखर प्रामाणिकपणे समजावत होता, की होते तसेही, ऑटोची सोय बंद करून ठेवता येते. ‘‘पर फिर ऑटोमैटिक लेने का मतलब क्या हुआ अंकल? फिर तो आपकी कड़ी-कुंडी ही अच्छी.’’ ‘‘हव,’’ हरिदास म्हणाला. ‘‘बरोबर आहे तुमचं.’’ सरिताला तो मनातल्या मनात जे जे बोलला होता ते सगळे आता एकेक करून परत येत होते. ती निदान रोज सकाळी उघडपणे लोटत होती. तो इथे, गार हवेत, मुलीच्या देखत, तिच्यासाठी कुलूप घेता घेता एक फट शोधत होता. मग शेखरने नेहमीच्या सुरात विचारले, ‘‘मेंबर कितने हैं घर में? इसमें सौ फिंगर तक जाता है.’’ सौ. दहा माणसांची दहाही बोटे. गुढियारीतल्या त्यांच्या आख्ख्या गल्लीला पुरावीत इतकी. रुचिता खाली वाकून सँडलचा पट्टा नीट करू लागली, जो सुटलेला नव्हता. ‘‘तीन,’’ हरिदास म्हणाला. आकडा तोंडातून गेल्यावर दुकानात काहीही बदलले नाही. पंखा फिरत राहिला, शेखरने खोका काढला, बाहेरच्या काचेपलीकडून एक बाई उसाचा रस पीत गेली. माणूस मेल्यावर रेशनकार्डावरून नाव काढायला जावे लागते, चार जणांच्या सह्या लागतात. इथे नुसते विचारतात. शेखरने नमुन्याच्या कुलपावर त्याचे बोट ठेवून पाहिले. लाल. ‘‘पोंछ के, अंकल.’’ लाल. दुसरे बोट, तिसरे बोट, डावा हात. आयुष्यभर गरम सळ्या पकडलेल्या त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. आधारच्या वेळीही असेच झाले होते. ‘‘कोई बात नहीं, आपका नंबर से कर देंगे,’’ शेखर म्हणाला, आणि त्याच्या सुरात अशी काही समजूत होती की हरिदासला क्षणभर वाटले, त्याला सगळेच सांगून टाकावे.

कुलूप बसवायला आलेला माणूस दाराला भोके पाडत होता तेव्हा सरिता आत भाकऱ्या थापत होती. लाकडाचा भुसा उडून थेट बैठकीच्या खोलीत, बुद्धमूर्तीच्या पायापर्यंत आला. काम झाले, रुचिताचे बोट घेतले गेले, कुलपाने हिरवा दिवा लावून एक गोड सूर काढला. ‘‘मम्मी, आप आओ.’’ सरिता पीठ भरल्या हातांनी बाहेर आली आणि त्या काळ्या वस्तूकडे, एखाद्या नव्या सोयऱ्याकडे पाहावे तसे पाहत राहिली. ‘‘ज्या दाराले माझ्या पोराचं बोट चालत नाई,’’ ती म्हणाली, ‘‘त्याले माझं कायले पाहिजे?’’ ‘‘सरिता, पोट्टीकडे पाहा जरा,’’ हरिदास म्हणाला. ‘‘तिच्याकडेच पाहून राहिली म्हनून तं गप आहो. नाई तं आतापर्यंत उपटून फेकलं असतं तुमचं हे इंजन.’’ ती आत गेली. तिने बोट दिले नाही; नंबरही पाठ केला नाही. त्या दिवसापासून ती ड्यूटीवरून आली की आपल्याच घराच्या दाराची घंटी वाजवी आणि पदर सावरून, पिशवी दोन्ही हातांत धरून, पाहुणी थांबते तशी थांबे. रुचिता दार उघडे. ‘‘या,’’ असे कोणी म्हणायची वाट पाहावी इतका वेळ ती उंबऱ्याबाहेर उभी राही, मग आत येई. सकाळी ती निघे तेव्हा दार तिच्या मागे आपोआप मिटे, मोटर घरघरे, खट् होई. आणि सुट्टीच्या दिवशी खिडकीतून हरिदासला दिसे की पायरी उतरताना तिची पाठ त्या आवाजाने दर वेळी जराशी आखडते.

नंबर ही त्याची स्वतःची शिक्षा होती. पहिल्या दिवशी तो वही न घेता, पलंगावर बसून नुसता डोक्यात आकडे शोधत राहिला होता. चौदा एप्रिल: या घरात दुसरा कुठला नंबर कोणाच्या आधी मनात येईल? पण तो यशच्याही आधी मनात येईल. सरिताचा वाढदिवस, रुचिताचा, जुन्या स्कूटरचा नंबर, क्वार्टर सोडून इथे राहायला आले ते साल. जो जो आकडा आठवे तो तो चौघांचा निघे. मुलाला ठाऊक नसलेली एकही संख्या आपल्याजवळ नाही, हे त्याला हळूहळू समजत गेले, आणि ते समजणे कुलपाच्या त्या आवाजाहून वाईट होते. एखाद्याला घरातून काढायचे तर त्याला आधी आकड्यांतून काढावे लागते. ‘‘कुछ भी रैंडम रखो ना, बाबा,’’ रुचिता म्हणाली आणि तिने चार अंक ठरवून दिले, ज्यांना काहीच अर्थ नव्हता. त्यांना अर्थ नव्हता म्हणून ते त्याच्या लक्षातही राहत ना. उरल्याहून येताना, धुळीत ट्रकांच्या मागून सायकल रेटताना, तो ते अंक पुटपुटत येई. रेल्वेच्या पुलाखालून जाताना वरून मालगाडी गेली की ते सांडून जात, आणि दाराशी पोचून तो आपल्याच घराला चुकीचे उत्तर देई. पहिली चूक, लाल. दुसरी चूक, लाल. मग आतून रुचिता विचारी, ‘‘बाबा, आप हो ना?’’ आणि तो म्हणे, ‘‘मीच आहो.’’ पण ती आता दुपारी वाचू लागली होती. एकटी असताना तिला झोपही लागू लागली होती. एकदा तो आला तेव्हा तिचे केस ओले होते. त्याची वाट न पाहता तिने आंघोळ केली होती. त्या ओल्या केसांकडे पाहून त्याला आनंद झाला, खरा, पुरा आनंद, आणि त्याच वेळी असे वाटले की हा आनंद आपण कोणाच्या तरी ताटातून उचलून आणला आहे.

यश आला तो एका सुट्टीच्या दिवशी, दुपारी. गल्लीत लू सुटली होती, अंग भाजणारा वारा. साऱ्या खिडक्यांवर ओल्या गोणपाटांचे पडदे. सरिता ड्यूटीवर होती, रुचिता आतल्या खोलीत कूलर लावून झोपली होती. हरिदास बैठकीत बसून होता. दाराची मूठ बाहेरून कोणीतरी खाली दाबली, सवयीच्या, बेसावध हाताने, आणि ती हलली नाही. मग काही वेळ काहीच नाही. हरिदासला त्या शांततेचा आकार दिसत होता: पलीकडे कोणीतरी त्या काळ्या वस्तूकडे वाकून पाहते आहे. तो उठला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. मध्ये दोन बोटे जाडीचे सागवान. त्या पलीकडून श्वास ऐकू येत होता, धाप लागलेला, नाकातून शीळ वाजणारा. लहानपणी सर्दी झाली की वाजायची तशीच. आणि मग कुलूप बोलू लागले. चार लहान सूर, आणि त्या सुरांबरोबर आवाज, अगदी हळू, पुटपुटल्यासारखा: ‘‘चौदह... शून्य चार.’’ चुकल्याचा घसरता सूर. थोडे थांबून: ‘‘शून्य नौ... दस.’’ सरिताचा वाढदिवस. चूक. ‘‘इक्कीस... शून्य दो.’’ रुचिताचा. चूक. गोळ्यांनी ज्याला काल कुठे झोपलो ते आठवत नव्हते, तो आठवत होता. हरिदासने मुठीवर हात ठेवला आणि काढला. ‘‘शून्य एक... शून्य सात.’’ हे काय, हे त्याला क्षणभर कळलेच नाही. एक जुलै. हरिदासचे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्याच पोरांपुढे लिहून टाकली ती तारीख; खरी तारीख त्याच्या आईलाही ठाऊक नव्हती. कागदावर सोडून हरिदासने ती कधी आपली मानली नव्हती. मुलाने मानली होती. चूक. आता घरातला एकच वाढदिवस उरला होता. आता तो स्वतःचा दाबेल, हरिदासच्या मनात आले, आणि त्याचे सगळे अंग त्या चार आकड्यांची वाट पाहू लागले. सरिताने तो जन्मला तेव्हा दवाखान्याच्या खिडकीतून बाहेर दाखवलेला पाऊस, त्याची मूठ, सगळे त्या चार आकड्यांत होते.  मग सूर वाजले. ‘‘चौदह... शून्य चार.’’ पुन्हा तेच, एखादा चुकून दाबला गेला असेल म्हणून. स्वतःचा त्याने दाबलाच नाही. तो असू शकेल, असे त्याच्या मनातही आले नाही.

कुलपाने पाचव्या चुकीला चोर धरल्यासारखा आक्रोश सुरू केला. समोरच्या घराचे गोणपाट हलले आणि साहूकाकीने छत्तीसगढीत विचारले, काय झाले, एवढे काय किंचाळते आहे, ‘‘का होगे बाबू? काबर अतेक चिचियात हे?’’ आणि हरिदासने आपल्या मुलाला उत्तर देताना ऐकले, स्वच्छ, अदबशीर, पूर्वीच्या यशच्या आवाजात. ‘‘कुछु नइ काकी. नवा ताला हे, नंबर सुरता नइ आवत हे.’’ ‘‘त तोर बाबू ल बला ना. घरे म हे.’’ ‘‘सुते होही काकी. ड्यूटी करथे दिन भर. झन उठावव.’’ दारामागे उभ्या असलेल्या हरिदासने तोंडावर हात दाबला. नवे कुलूप आहे, नंबर आठवत नाही. आणि बापाला बोलाव म्हटल्यावर: झोपले असतील, उठवू नका. गल्लीच्या देखत बापाची लाज राखून तो मुलगा त्या किंचाळत्या दारासमोर उभा होता, आणि आतल्या खोलीत दुसरे मूल, ज्याला शब्द दिला होता, आवाजाने जागे होऊन पलंगावर उठून बसले असेल. एका बाजूला सागवान, दुसऱ्या बाजूला भिंत. या दोन्हींच्या मध्ये माणूस उभा राहू शकेल एवढीच जागा होती. शब्द त्याने दिला होता तो यश आत येणार नाही असा. आपण बाहेर जाणार नाही, असे तो कोणालाच म्हणाला नव्हता. त्याने मूठ दाबली.

यश मागे सरकला. आत शिरण्यासाठी नव्हे. बाहेर येणाऱ्याला वाट द्यावी तसा. गळ्याची हाडे वर आली होती, शर्टाची बटणे वरखाली लागली होती. हरिदास पायरीवर उतरला आणि त्याने दार धरून ठेवले नाही. मागे मोटर घरघरली, खट् झाले. आक्रोश थांबला; कुलपावर लाल दिवा तेवढा लागून राहिला.

‘‘अरे बाबा, लग गया वो,’’ यश म्हणाला.

‘‘लागू दे.’’

‘‘अभी खुलेगा भी नहीं. चिल्लाने के बाद बंद पड़ जाते हैं ऐसे ताले.’’

‘‘मालूम आहे. बस.’’

ते दोघे पायरीवर बसले. दगड तापलेला होता. यशचे गुडघे आपोआप थरथरत होते आणि तो ते दोन्ही हातांनी दाबून धरत होता, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत आणि त्यांच्याबद्दल त्याला माफी मागायची आहे. ‘‘मम्मी है?’’ ‘‘ड्यूटीवर.’’ ‘‘वो आदमी...’’ यश म्हणाला आणि थांबला. ‘‘उस दिन मैं सो गया था, बाबा. पता नहीं चला वो कब उठा.’’  क्षमा करणे सोपे होते, पण ती हरिदासने करायची नव्हती. आतून अनवाणी पावले आली, आणि दाराच्या अगदी जवळ थांबली.

‘‘बाबा? कौन है बाहर?’’

‘‘मी आहो,’’ हरिदास म्हणाला. मग म्हणाला, ‘‘अन् यश आहे.’’

 तिला फक्त मूठ दाबायची होती. ‘‘खोलूँ?’’ तिने विचारले. आवाज इतका लहान होता की तो तिच्या ओठांतून आला की मुठीवरच्या हातातून, ते कळू नये. यश मान खाली घालून बसला होता आणि त्याने श्वास रोखून धरला होता. नाकातली ती शीळ थांबली होती.

‘‘नाई,’’ हरिदास म्हणाला. ‘‘उघडू नको. तू वाच.’’

‘‘और आप?’’

‘‘आमी बसलो आहो इथं.’’

पावले तिथेच राहिली. आत गेली नाहीत. छज्ज्याची सावली पायरीवर एका माणसापुरतीच उरली होती आणि तीही भिंतीकडे सरकत होती. यशने ते पाहिले, आणि तो बुडावरच सरकत उन्हात गेला, बापासाठी जागा करून. हरिदासने त्याला परत बोलावले नाही. तो उठला, त्याच्या शेजारी जाऊन बसला, आणि मग दोघेही उन्हात होते.